अमेरिकेत फेडरल टॅक्स एकरकमी भरता येत नसेल तर: हप्ते, डायरेक्ट पे आणि बाकीचे मार्ग

गवतफूल | १४ मार्च २०२६, रात्री ९:४०

मार्च निम्मा सरला. येत्या महिन्याभरात इथल्या कितीतरी घरांत जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडला जाईल, रिटर्नच्या शेवटी देणं असलेला आकडा दिसेल आणि पोटात खड्डा पडेल. गेल्या वर्षी १२ एप्रिलच्या शनिवारी आमच्याकडे तो आकडा १८,६०० डॉलर होता. बँकेत सगळं मिळून अकरा हजार. नुकतंच घर घेतलेलं, त्यामुळे हाताशी दुसरं काहीच नव्हतं.

आकडा एवढा कसा झाला ते आधी सांगते, कारण पुष्कळांचं असंच होतं. मी नोकरी सोडून १०९९ वर, म्हणजे पगाराऐवजी कंत्राटी पद्धतीने, काम सुरू केलं होतं. पगारातून टॅक्स आपोआप कापला जातो, १०९९ च्या पैशातून काहीच कापलं जात नाही. वर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स वेगळा, १५.३ टक्के. दर तिमाहीला एस्टिमेटेड टॅक्स (वर्षाच्या अंदाजाने आगाऊ टॅक्स) भरायचा असतो हे मला माहीत होतं, पण "वर्षाअखेरीस बघू" म्हणत राहिले. त्यात नवऱ्याला कंपनीकडून मिळालेले शेअर व्हेस्ट झाले होते, म्हणजे त्याच्या नावावर आले होते, आणि भारतातल्या एनआरई एफडीचं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीच्या मुदत ठेवीचं) व्याजही होतं. ते व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत करपात्र असतं.

ज्या ऑफिसकडून आम्ही आधी रिटर्न करून घ्यायचो, त्यांनी फोनवर सांगितलं, "पैसे जमेपर्यंत फाइल करू नका." आम्हाला ते पटलंही. पैसे नाहीत तर कागद कशाला पाठवायचा? रात्री अकरा वाजता ओहायोतल्या जाऊबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आज रात्रीच फाइल कर. पैशांचं आपण नंतर बघू. फाइल न करण्याचा दंड वेगळा असतो आणि तो दसपट असतो."

मी कागदावर मांडून बघितलं. रिटर्न वेळेत भरलं नाही तर दंड महिन्याला ५ टक्के, म्हणजे १८,६०० वर ९३०. रिटर्न वेळेत भरलं आणि फक्त पैसे राहिले तर महिन्याला अर्धा टक्का, म्हणजे ९३. दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा हात थांबला. त्याच रात्री ई-फाइल केलं. १५ तारखेला डायरेक्ट पेने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या (आयआरएसच्या) साइटवरून थेट बँक खात्यातून, ६,६०० भरले आणि उरलेल्या १२,००० चे हप्ते बांधून घेतले, महिना ५५० चे.

सातारला आमच्या घरी उधारी हा शब्द हळू आवाजात बोलला जायचा. बाबा वाण्याचं खातं १ तारखेला मिटवल्याशिवाय चहा घेत नसत. म्हणून सरकारचे पैसे थकलेत हे मी महिनाभर आईलाही सांगितलं नव्हतं. त्या लाजेपायी आम्ही फाइल करायचंच टाळणार होतो आणि ते आम्हाला फार महागात पडलं असतं. म्हणून हा धागा काढते आहे. कुणी याच जागी अडकलं असेल तर इथे विचारा. ज्यांना माहीत आहे त्यांनी भर घाला.

नवा_टेक्सासकर | १४ मार्च २०२६, रात्री १०:२५

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. मी २०२५ च्या जूनमध्ये एच-१बीवर आलो, हे माझं पहिलंच रिटर्न. साधारण १,९०० डॉलर द्यायचे आहेत. डायरेक्ट पेवर जाऊन पाहिलं, पण ओळख पटवायच्या पानावरच अडकलोय. जुन्या रिटर्नची माहिती मागतात आणि माझं जुनं रिटर्नच नाही. काय करू?

गवतफूल | १४ मार्च २०२६, रात्री १०:५०

डायरेक्ट पे तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फायलिंग स्टेटस (रिटर्न एकट्याने भरलं की जोडीने वगैरे) आधीच्या एखाद्या वर्षाच्या रिटर्नशी ताडून बघतं. पहिल्या वर्षी ताडायला काही नसतंच, त्यामुळे तिथे अडकणारच. तुमच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे ई-फाइल करतानाच सॉफ्टवेअरमध्ये बँकेचा राउटिंग नंबर आणि खाते क्रमांक देऊन ठेवणं. रिटर्न आज पाठवा, पैसे कापायची तारीख १५ एप्रिल टाका. त्याला वेगळी फी नाही. फक्त आकडे दोनदा तपासा आणि त्या दिवशी खात्यात पैसे असू द्या. पैसे परत फिरले तर मोठ्या रकमेवर २ टक्के दंड असतो.

आकडेमोड | १५ मार्च २०२६, सकाळी ७:१५

मी एन्रोल्ड एजंट आहे. म्हणजे आयआरएसची परीक्षा देऊन त्यांच्यापुढे लोकांची बाजू मांडायचा परवाना मिळतो तो. बावीस वर्षं हेच काम करतोय. गवतफूल यांच्या जाऊबाईंनी दिलेला सल्ला मी दर एप्रिलला पंचवीस-तीस लोकांना देतो, आणि त्यातले चार-पाच तरी तो ऐकत नाहीत. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फाइल न केल्याचा दंड महिन्याला ५ टक्के, जास्तीत जास्त २५ टक्के. पैसे न भरल्याचा अर्धा टक्का, तोही २५ टक्क्यांपर्यंत. दोन्ही एकाच महिन्यात लागले तर मिळून ५ टक्केच धरतात. पण हे पाच महिन्यांतच कळसाला पोहोचतं हे लक्षात घ्या. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत घाबरून बसलेल्या माणसाचं देणं पावपट वाढलेलं असतं. शिवाय त्यावर व्याज. व्याजाचा दर दर तिमाहीला ठरतो आणि ते रोज चक्रवाढीने चढतं. २०२५ मध्ये दर ७ टक्के होता.

आता बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट. रिटर्न वेळेत भरलेलं असेल आणि हप्त्यांचा करार मंजूर झाला, तर तो अर्धा टक्का पाव टक्क्यावर येतो. गवतफूल यांच्या १२,००० वर पहिल्या महिन्याला दंड ६० ऐवजी ३० झाला असेल आणि व्याज ७० च्या आसपास. म्हणजे महिना शंभर डॉलर, आणि मुद्दल घटेल तसं तेही घटत जातं. स्वस्त नाही, पण झोप उडावी असंही नाही.

करार दोन प्रकारचे. १८० दिवसांत सगळं फेडू शकत असाल तर अल्पमुदतीचा करार घ्या. दंड-व्याज धरून देणं १ लाख डॉलरच्या आत असेल तर तो ऑनलाइन होतो आणि त्याला सेटअप फी नाही. त्याहून जास्त वेळ हवा तर महिन्याच्या हप्त्यांचा दीर्घमुदतीचा करार. त्यासाठी देणं ५०,००० च्या आत आणि आजवरची सगळी रिटर्न भरलेली हवीत. बँकेतून आपोआप हप्ता कापू दिलात आणि अर्ज ऑनलाइन केलात तर फी २२ डॉलर. दर महिन्याला स्वतः भरणार असाल तर ६९. हेच फोनवर किंवा टपालाने केलं तर अनुक्रमे १०७ आणि १७८. उत्पन्न कमी असेल आणि बँकेतून कापू दिलंत तर फी पूर्ण माफ.

५०,००० च्या वर गेलात तर हप्त्यांच्या अर्जाचा फॉर्म ९४६५ आणि सोबत ४३३-एफ भरून आपला जमाखर्च दाखवावा लागतो. तिथे मात्र जाणकाराला बरोबर घ्या.

शेवंती | १५ मार्च २०२६, सकाळी ९:०५

क्रेडिट कार्डावर भरलं तर? पॉइंट मिळतात असं ऑफिसमधले सांगत होते.

आकडेमोड | १५ मार्च २०२६, सकाळी ९:३०

भरता येतं. आयआरएस स्वतः कार्ड घेत नाही, त्यांनी मान्यता दिलेल्या खाजगी कंपन्यांमार्फत भरायचं. क्रेडिट कार्डावर त्यांची फी पावणेदोन टक्के किंवा थोडी वर. १२,००० वर २१० डॉलर धरा. डेबिट कार्डावर ठरावीक दोन-सव्वादोन डॉलर. पुढच्या बिलाला कार्ड पूर्ण मिटवणार असाल तर तुमचा हिशोब तुम्ही करा. पण टॅक्सचं देणं कार्डावर टाकून तिथे फिरवत राहणं हे मी कुणालाही करू देत नाही. कार्डाचं व्याज वीस टक्क्यांच्या पुढे असतं. सरकारचं व्याज त्याच्या निम्म्यानेही नाही.

मावळतीकडे | १५ मार्च २०२६, सकाळी १०:१०

४०१(के) मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यातून, काढून एकदाच मिटवून टाकावं, डोक्याला ताप नको, असं माझं मत. मी २०१९ मध्ये तेच केलं.

आकडेमोड | १५ मार्च २०२६, सकाळी १०:४०

स्पष्ट बोलतो, राग नसावा. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढलेल्या पैशावर साधारणपणे १० टक्के दंड आणि शिवाय पूर्ण इन्कम टॅक्स. १२,००० हातात यायला अठरा-एकोणीस हजार काढावे लागतात. ते उत्पन्न पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये येतं आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा देणं निघतं. म्हातारपणाची पुंजी मोडून सात टक्क्यांचं कर्ज फेडू नये.

मावळतीकडे | १५ मार्च २०२६, सकाळी ११:००

पुढच्या वर्षी देणं निघालं होतं खरं. तेव्हा त्याचा संबंध लावला नव्हता. धन्यवाद.

डब्यांची_काकू | १५ मार्च २०२६, दुपारी १:२०

मी एडिसनजवळ जेवणाचे डबे देते. गेल्या वर्षीपासून रीतसर सगळं दाखवते. गिऱ्हाइकं निम्मे पैसे रोख देतात. बँकेत रोज जाणं होत नाही. टॅक्स रोखीने भरता येतो का? आणि हे तिमाहीचं कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

गवतफूल | १५ मार्च २०२६, दुपारी २:००

काकू, येतो. आयआरएसने ठरवलेल्या काही दुकानसाखळ्यांत रोख घेतात. आधी ऑनलाइन नोंद करून बारकोड मिळवायचा आणि तो दुकानात दाखवायचा. एका वेळी ५०० डॉलरपर्यंतच घेतात, वर थोडी फी, आणि पैसे खात्यावर चढायला काही दिवस लागतात. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. रोख कधीही पाकिटात घालून टपालाने पाठवू नका. पण माझं ऐकाल तर आठवड्यातून एकदा रोख बँकेत भरा आणि डायरेक्ट पे वापरा. त्याला फी नाही.

तिमाहीचं सांगते. तारखा १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीची १५ जानेवारी. एप्रिल ते जून दोनच महिने आहेत, तिथे सगळे फसतात. वर्षाअखेरीस देणं १,००० डॉलर किंवा जास्त निघणार असेल तर हे भरायचं. दंड टाळायला सोपा आडाखा असा: गेल्या वर्षी जेवढा एकूण टॅक्स झाला तेवढा या वर्षी चार भागांत वेळेवर भरायचा. गेल्या वर्षीचं उत्पन्न दीड लाखाच्या वर असेल तर ११० टक्के. मग या वर्षी धंदा कितीही वाढला तरी तिमाहीचा दंड नाही.

मी काय करते ते सांगते. गिऱ्हाइकाचा चेक आला की त्यातले ३० टक्के त्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाकते. त्या खात्याचं डेबिट कार्ड मुद्दाम घेतलेलं नाही.

डब्यांची_काकू | १५ मार्च २०२६, दुपारी २:३०

हे बेस आहे. भिशीसारखं झालं. तसं समजून टाकत जाईन.

ठाणेकर | १५ मार्च २०२६, सायंकाळी ६:४५

एक सावधगिरीची गोष्ट. टॅक्स थकलाय म्हणून आपण घाबरलेले असतो, नेमक्या अशा माणसालाच फोन येतो. "आयआरएसमधून बोलतोय, आत्ता पैसे भरा नाहीतर पोलीस दारात येतील." २०१५ मध्ये माझ्या सासूबाईंनी असा फोन घेतला. त्या इथे मुलाच्या घरी एकट्या होत्या. दुकानात जाऊन गिफ्ट कार्डं घेऊन त्यावरचे नंबर वाचून दाखवायला सांगत होते. शेजारीण आली म्हणून वाचल्या.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. शेकडो पोरांची चौकशी झाली, सत्तरेक जणांना अटक. रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या लोकांना हेच फोन करत होते. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्यानेही ६१ व्यक्ती आणि कंपन्यांवर आरोपपत्र ठेवलं. माझं घर तिथून अर्ध्या तासावर. ते वर्तमानपत्र वाचताना सासूबाईंच्या हाताला कंप सुटला होता.

आयआरएस आधी टपालाने पत्र पाठवतं. गिफ्ट कार्डावर पैसे कधीच मागत नाही. शंका आली तर फोन ठेवा आणि स्वतः आयआरएसच्या साइटवर आपल्या खात्यात जाऊन शिल्लक बघा. आईवडील इथे आलेले असतील तर त्यांनाही सांगून ठेवा.

गवतफूल | १५ मार्च २०२६, सायंकाळी ७:१०

दादा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. त्या खात्याबद्दल भर घालते. आयडी डॉट मीवरून ओळख पटवून ते उघडता येतं. पासपोर्ट किंवा लायसन्सचा फोटो आणि चेहऱ्याचा सेल्फी मागतात. मला वीस मिनिटं लागली. आत एकूण देणं, आजवर भरलेले पैसे, आलेली पत्रं आणि हप्त्यांचा करार सगळं एका जागी दिसतं. फोनवर तासभर ताटकळण्यापेक्षा हे बरं.

पुण्यात_परत | १६ मार्च २०२६, सकाळी ८:३०

आम्ही पंधरा वर्षांनी पुण्यात परतलो, पण आम्ही दोघं अमेरिकन नागरिक, त्यामुळे रिटर्न चालूच. इथे राहतो म्हणून १५ जूनपर्यंत मुदत आहे असं वाचलं. पैसेही जूनमध्ये भरले तर चालतील का? आणि अमेरिकेतलं खातं बंद करून बसलोय.

आकडेमोड | १६ मार्च २०२६, सकाळी ८:५०

१५ जूनची मुदत आपोआप मिळते, पण व्याज १५ एप्रिलपासूनच चालू होतं. शक्य असेल तर अंदाजाने रक्कम एप्रिलमध्येच भरा.

हाच गैरसमज इथे राहणाऱ्यांचाही असतो. फॉर्म ४८६८ ने १५ ऑक्टोबरपर्यंत जी मुदत मिळते ती रिटर्न भरायची, पैसे भरायची नव्हे. डायरेक्ट पेमध्ये "एक्स्टेंशन" हे कारण निवडून पैसे भरलेत तर वेगळा ४८६८ पाठवायची गरज नसते.

खात्याचं म्हणाल तर डायरेक्ट पेला अमेरिकन बँकेचंच खातं लागतं. ते नसेल तर परदेशातून आंतरराष्ट्रीय वायर करता येते किंवा कार्ड वापरता येतं, दोन्हीत फी जाते. परतणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की रिटर्न चालू आहे तोवर इथलं एक खातं जिवंत ठेवा. आणि भारतातल्या एनआरओ खात्यावर (परदेशात राहणाऱ्यांच्या भारतातल्या मिळकतीचं खातं) कापलेल्या टीडीएसचे कागद जपून ठेवा. भारतात खरोखर लागलेल्या टॅक्सचं क्रेडिट इथे फॉर्म १११६ वर मिळू शकतं.

शेवंती | १६ मार्च २०२६, दुपारी १२:१५

मला हे जाहीर विचारायला संकोच वाटत होता, पण वर सगळे मोकळेपणाने लिहिताहेत म्हणून विचारते. आमचे २०२३ चे साडेआठ हजार थकलेत. पत्रं आली, मी ड्रॉवरमध्ये ठेवत गेले. शेवटचं सीपी५०४ आहे. यंदा नागरिकत्वाचा अर्ज करायचा होता. आता काय होईल?

आकडेमोड | १६ मार्च २०२६, दुपारी १२:४०

विचारलंत हे उत्तम केलंत. आधी ती सगळी पत्रं टेबलावर तारखेप्रमाणे लावा. पहिलं पत्र सीपी१४ असतं, ते म्हणजे साधं बिल. मग आठवणीची पत्रं. सीपी५०४ म्हणजे जप्तीचा इशारा आहे, यापुढे तुमचा राज्याचा रिफंड ओढून घेऊ शकतात. त्यानंतर एलटी११ किंवा लेटर १०५८ येतं. तेव्हा सुनावणी मागायला ३० दिवस असतात. ते पत्र अजून आलेलं नाही, म्हणजे वेळ हातात आहे.

साडेआठ हजार ही रक्कम ऑनलाइन कराराच्या मर्यादेच्या खूप आत आहे. २०२४ चं रिटर्न भरलंय ना? भरलं असेल तर आज संध्याकाळीच अर्ज करता येईल. १०,००० च्या आतल्या टॅक्सला, आधीची पाच वर्षं रिटर्न आणि पैसे वेळेत असतील आणि तीन वर्षांत फेडणार असाल तर, करार नाकारता येत नाही असा कायदाच आहे.

नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात थकलेल्या टॅक्सबद्दल थेट प्रश्न आहे. खरं उत्तर द्यायचं, आणि सोबत कराराचं पत्र व भरलेल्या हप्त्यांचा पुरावा लावायचा. करार करून नियमित भरणाऱ्याची आणि पत्रं न उघडणाऱ्याची फाइल वेगळी दिसते. तरी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा दाखवा. पासपोर्टची अडचण फार मोठ्या थकबाकीला येते, २०२५ साली ती मर्यादा ६४,००० डॉलर होती, आणि वेळेवर चाललेल्या कराराला ती लागत नाही.

शेवंती | १६ मार्च २०२६, रात्री ११:३०

अर्ज केला. नवरा शेजारी बसला होता. महिना ३०० टाकले. बँकेतून कापायची तारीख १ ते २८ मधली निवडायला सांगतात, ७ निवडली कारण पगार ५ ला होतो. फी २२ डॉलर. एकूण पंचवीस मिनिटं लागली. दोन वर्षं मी त्या ड्रॉवरसमोरून जाताना मान फिरवायचे.

गवतफूल | १६ मार्च २०२६, रात्री ११:४५

शेवंती, किती बरं वाटलं वाचून. आज शांत झोप.

हडसनकाठी | १७ मार्च २०२६, सकाळी ९:२०

करार झाल्यावर काय चुकतं ते माझ्या अनुभवावरून लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तसं होऊ नये. माझा करार सुरळीत चालू होता, अकरा हप्ते गेले. पण डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा हे कंपनीला सांगणारा फॉर्म) बदललाच नाही, त्यामुळे पुढच्या वर्षीही २,१०० देणं निघालं आणि ते मी भरलं नाही. मला वाटलं आपोआप हप्त्यांत जमा होईल. सीपी५२३ आलं, करार रद्द करणार म्हणून. नवीन वर्षाचं देणं थकवलं की जुना करार मोडतो, हे मला माहीतच नव्हतं. पत्रातल्या मुदतीत नवं देणं धरून करार सुधारून घेतला. ऑनलाइन सुधारायची फी १० डॉलर, फोनवर ८९.

आणखी एक. करार चालू असताना रिफंड निघाला तर तो तुमच्या हातात येत नाही, थकबाकीत वळता होतो. आणि त्या महिन्याचा हप्ता तरीही द्यायचाच असतो.

आकडेमोड | १७ मार्च २०२६, सकाळी ९:५०

अगदी नेमकं लिहिलंत. आपल्याकडे शेअर मिळणारे लोक फार, त्यांना सांगतो. कंपनी त्या पैशावर २२ टक्केच कापते. तुम्ही ३२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर दर दहा हजारांमागे हजार डॉलर तिथल्या तिथे कमी पडतात. डब्ल्यू-४ वर ४(सी) या ओळीत दर पगाराला जास्तीची रक्कम कापायला सांगता येते. करार केला त्याच आठवड्यात ही ओळ भरा. नाहीतर जुनं फेडता फेडता नवं साचतं.

नवा_टेक्सासकर | १७ मार्च २०२६, दुपारी १:१०

दंड माफ करून घेता येतो असंही ऐकलं. खरं का?

आकडेमोड | १७ मार्च २०२६, दुपारी १:३५

खरं. आधीची तीन वर्षं स्वच्छ असतील तर पहिल्यांदाच झालेली चूक म्हणून फाइल न केल्याचा किंवा पैसे न भरल्याचा दंड माफ होऊ शकतो. फोनवर किंवा पत्राने मागायचा. देण्यावरचं व्याज मात्र माफ होत नाही. हप्ते चालू असतील तर मी लोकांना शेवटचा हप्ता गेल्यावर मागायला सांगतो, कारण दंड तोवर थोडा थोडा वाढत असतो. गवतफूल, तुमच्या डायरीत लिहून ठेवा.

ज्यांना खरंच काहीच भरणं शक्य नाही, नोकरी गेली आहे, आजारपण आहे, त्यांनी गप्प राहू नये. वसुली तात्पुरती थांबवता येते. कमी रकमेत तडजोडीचा अर्जही असतो, फॉर्म ६५६, फी २०५ डॉलर. तो सहज मंजूर होत नाही. "डॉलरला दहा सेंटमध्ये मिटवून देतो" अशा जाहिराती करणाऱ्यांना आगाऊ पैसे देऊ नका. उत्पन्न कमी असेल तर लो इन्कम टॅक्सपेअर क्लिनिकमध्ये फुकट किंवा नाममात्र पैशांत मदत मिळते. आयआरएसमुळेच घर अडचणीत आलं असेल तर टॅक्सपेअर अ‍ॅडव्होकेटकडे फॉर्म ९११ ने दाद मागता येते.

पुण्यात_परत | १७ मार्च २०२६, रात्री ९:००

माझा भाऊ अजून चेकच पाठवतो. तो मार्ग चालू आहे ना?

गवतफूल | १७ मार्च २०२६, रात्री ९:३०

चालू आहे, पण सरकारचा कल कागद कमी करण्याकडे आहे. रिफंडचे कागदी चेक तर ३० सप्टेंबर २०२५ पासून बंद करत आणले आहेत. भावाला सांगा, चेक "यूएस ट्रेझरी" या नावाने, त्यावर सोशल सिक्युरिटी नंबर, टॅक्सचं वर्ष आणि फॉर्म १०४० लिहायचं. सोबत १०४०-व्ही (पैसे भरण्याची चिठ्ठी) जोडायचा, पण स्टेपल मारायचं नाही. टपाल पेटीत न टाकता काउंटरवर सर्टिफाइड मेलने द्यावं आणि पावती जपावी.

आणि डायरेक्ट पे वापरणाऱ्यांसाठी मी स्वतः केलेली चूक. पहिल्याच पानावर कारण आणि वर्ष निवडायचं असतं. यंदाच्या १५ जानेवारीला मी २०२५ चा चौथा तिमाही हप्ता भरत होते आणि घाईत वर्ष २०२६ निवडलं. तो दुसऱ्या दिवशीचा टाकला असता तरी रद्द करता आला नसता, कारण बदल किंवा रद्द करायला दोन कामाचे दिवस आधी लागतात. फोन करून वर्ष बदलून घ्यायला पन्नास मिनिटं गेली. तेव्हापासून पैसे पाठवायच्या आधी नवऱ्याला ते पान मोठ्याने वाचून दाखवते: कारण, वर्ष, रक्कम, खात्याचे शेवटचे चार आकडे. कन्फर्मेशन नंबर कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिते, आणि ईमेलही जपून ठेवते. जोडीने रिटर्न भरत असाल तर पैसे भरताना रिटर्नवर ज्यांचं नाव पहिलं आहे त्यांचाच नंबर द्या.

राज्याचा टॅक्स यात नाही हे विसरू नका. त्याची साइट वेगळी, करार वेगळा, व्याजही वेगळं.

नवा_टेक्सासकर | १८ मार्च २०२६, रात्री १०:०५

रिटर्न पाठवलं, स्वीकारल्याचा ईमेलही आला. १५ एप्रिलची तारीख टाकली आहे. टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्स नाही, म्हणून तेवढंच. ताई, तुमचे किती हप्ते राहिले?

गवतफूल | १८ मार्च २०२६, रात्री १०:२०

मे महिन्यात सुरू झाले, अकरा गेले. मधे नवऱ्याचा बोनस आला तेव्हा जास्तीचे २,००० भरले, आधी फेडायला वेगळा दंड नाही. आज खात्यात पाच हजारांच्या जरा आत शिल्लक दिसते आहे. पुढचा ५ एप्रिलला.